चाळीस वर्षं माझी, दहा त्याची

माझा मावसभाऊ इंग्लंडला गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. कोणी त्याची चौकशी केली की मी सांगतो, हुशार मुलगा, चांगलं झालं त्याचं. यात खोटं काही नाही. पण 'चांगलं झालं' म्हणताना दर वेळी मला घसा साफ करावा लागतो. तेव्हा एकदाच सरळ सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळत होतो. चांगला दणदणीत जळत होतो, आणि तेही एका खेळापायी, वयाची चाळिशी जवळ आलेली असताना.

आम्ही गोव्यातल्या पेडण्याचे, मावशी डिचोलीची. मावशीचे यजमान खाणीच्या ऑफिसात होते. तिथून काढून टाकलेला एक कम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि बाहेरच्या खोलीत मेजावर मांडला. मी तेव्हा चोविसाचा, पेडण्यातल्या एका सरकारी कचेरीत जमिनीच्या कागदांच्या टेबलावर नुकताच चिकटलेला. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, कॉलेजात. शनिवारी सकाळी मी पेडण्याहून म्हापशाला आणि म्हापशाहून डिचोलीला अशा दोन बसगाड्या करून अकरापर्यंत मावशीकडे पोचायचो. मावशी चहा आणि उंडे पाव पुढे ठेवायची. मग भाऊ ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसायचा, कारण खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ आठवडाभरात प्रत्येक बटणावर बसलेली असायची. पुसून झालं की आम्ही राज्य करायला बसायचो.

खेळ राजेरजवाड्यांचा होता. पडद्यावर जगाचा नकाशा, त्याचे तुकडे पाडलेले. त्यातलं एक राज्य आपण निवडायचं आणि चारशे वर्षं चालवायचं. सोयरिकी जुळवायच्या, तह करायचे, तह मोडायचे, लढाया मारायच्या. एका दुपारी तीन-चार वर्षं सरायची. आम्ही अर्थातच कोकण घेतलं. नकाशात 'कोकण' एवढंच होतं, पेडणं नव्हतं आणि डिचोलीही नव्हती. पण आमचं काही अडलं नाही.

अडचण एकच होती, खेळायला एकालाच मिळायचं. त्यावर आम्ही तोडगा काढला. म्हणजे मी काढला. खेळ साठवायचा, आणि उघडताना दुसरं राज्य निवडून उघडायचा. तेव्हा असं ठरलं की चाळीस वर्षं मी मोठं राज्य चालवणार आणि मग दहा वर्षं भाऊ माझ्या हाताखालचं एक छोटं मांडलिक राज्य चालवणार. घाटाच्या पायथ्याला एक तुकडा त्याला काढून दिला. त्याने त्याचं नाव बदलून 'नार्वे' ठेवलं. नार्वे आमचं आजोळ. मावशीचं आणि माझ्या आईचं माहेर तिथलं, नदीकाठी.

चाळीसला दहा हे प्रमाण कुठून आलं, असं त्याने कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी थोरला होतो, एवढं पुरेसं होतं. घरात कदेल, म्हणजे खुर्ची, एकच होतं, हातांचं, ऑफिसातून आलेलं. त्यावर मी. त्याला स्टूल. त्याची दहा वर्षं आली तरी मी कदेलावरून उठायचो नाही, फक्त माऊस त्याच्याकडे सरकवायचो. तो स्टूल पुढे ओढून अर्धवट वाकून खेळायचा.

आणि खेळायचा कसा, तर एखादी बाई घर आवरते तसा. मी चाळीस वर्षांत ज्यांच्याशी ज्यांच्याशी वाकडं घेतलेलं असायचं, त्यांच्या घरी तो मुली द्यायचा. रस्ते करायचा, कोठारं भरायचा. मला कंटाळा यायचा. मी म्हणायचो, "अरे, हो खेळ, संवसार न्हय." तो हसायचा. मग माझी पाळी आली की त्याच्या कोठारातलं धान्य आणि त्याची माणसं घेऊन मी दक्षिणेला चढाई करायचो.

असे आम्ही दोन-अडीच वर्षं शनिवार काढले. राज्य दक्षिणेत पार कावेरीपर्यंत नेलं. खेळाला शेवटचं एक साल असतं, तिथे तो आपोआप थांबतो. ते साल आलं तेव्हा पाळी भावाची होती. त्याची दहापैकी आठच वर्षं झाली होती. शेवटची प्रत त्यानेच साठवली, नार्व्याच्या गादीवरून. मग तिच्या दोन सीड्या केल्या, एक त्याला, एक मला. माझी मी मार्कशिटांच्या फायलीत घालून लोखंडी कपाटात ठेवली. एवढं मोठं राज्य कपाटात आहे म्हटल्यावर कचेरीत साहेब बोलले तरी मला फारसं लागायचं नाही. हे हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

पुढे माझं लग्न झालं. भाऊ खाणीच्याच ऑफिसात कम्प्युटरवर लागला. मग खाणी बंद झाल्या आणि डिचोलीतले ट्रक जागच्या जागी उभे राहिले. भाऊही घरी बसला. त्याच सुमाराला त्या खेळाचा पुढचा खेळ आला होता. पहिला जिथे संपतो, त्या सालापासून दुसरा सुरू व्हायचा. पण त्यात जग इतिहासात होतं तसंच मांडलेलं. तुम्ही पहिल्या खेळात चारशे वर्षं घालून काय उभं केलंत, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. जगभरच्या खेळणाऱ्यांना हे जिव्हारी लागलं. तेव्हा त्यांच्यातल्याच काही हौशी लोकांनी एक टूल लिहायला घेतलं. जुन्या खेळाची साठवलेली प्रत त्यात घालायची, ते तुमचं राज्य जसंच्या तसं नव्या खेळाच्या प्रतीत उतरवून देणार. फुकट, हौसेखातर. एक जर्मन होता, एक ब्राझीलचा, आणि तिसरा डिचोलीचा. वर्षभरात डिचोलीचाच त्यांचा मुख्य झाला.

मला ते त्याने घरापुढच्या बाल्कांवात बसून समजावलं. "दादा, तुज्या हापिसांत जुन्या सर्व्हेचो नंबर नव्या सर्व्हेंत खंय गेलो तें पळयतात न्ही? तशेंच हें. पोरन्या नकाशातलो एक कुडको नव्यांत तीन जाता, खंय तिनांचो एक जाता. तांचो सगलो तक्तो करचो पडटा."

मला ते पहिल्या वाक्यातच समजलं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. हे माझं काम होतं. जुना नंबर, नवा नंबर, कब्जेदार कोण, कूळ कोण, वाटणी झाली तर कुठला भाग कुणाकडे गेला, हे मी दहा वर्षं करत होतो. त्याबद्दल मला कुठल्याही जर्मनाने कधी विचारलं नव्हतं. पेडण्याचे लोकसुद्धा खिडकीतून एवढंच विचारायचे की उतारा कधी मिळतलो. आणि हा वर्षभर घरी बसून तेच करतो, तर रोज ह्याला कुठून कुठून आभाराची पत्रं. त्याने मला ती पडद्यावर दाखवली. बढाई म्हणून नव्हे, लहान माणूस मोठ्याला दाखवतो तशी. मला ती बढाईच वाटली, कारण मला तसंच वाटायला हवं होतं.

त्या वर्षी गणपतीच्या चवथीला सगळे मावशीकडे जमलो होतो. मावशी आल्यागेल्याला सांगत होती, "जर्मनीचे लोक ह्याका विचारल्याबगर काम करिनात." माझी आई नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट घेऊन आली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुज्या कचेरींतले तरी तुका विचारतात मरे?" सगळे हसले. तोंडात नेवरी असतानाच मीही हसलो.

त्याच दिवशी जेवणानंतर भावाने मला एक काम सांगितलं. टूलमध्ये वेगवेगळ्या भाषा घालायच्या होत्या. बटणांवरचे शब्द, चार-पाच पानांच्या सूचना. "मराठी तूं कर, दादा. तुजें मराठी बरें. नांव पडटलें यादींत." त्या टूलच्या पानावर खाली मदत करणाऱ्यांची यादी असायची. मी म्हटलं, मला कचेरीचं काम असतं, असल्या गोष्टींना वेळ नाही. शिवाय वर म्हटलं की तू बोलतोस कोकणी आणि टूल मराठीत करतोस, आधी तुझं काय ते ठरव. गोवा घटकराज्य झालं तेव्हा आमच्या घरांत मराठी की कोकणी यावरून जी भांडणं झाली होती, त्यांतलाच एक धोंडा मी उचलून त्याच्यावर टाकला. त्याचा भावाशी काही संबंध नव्हता. दोन महिन्यांनी पुण्याच्या कोणीतरी ते मराठी करून दिलं आणि त्याचं नाव यादीत आलं. ते नाव मी किती वेळा उघडून पाहिलं याचा हिशेब नाही.

मग एका रविवारी सकाळी, बायको माहेरी गेलेली असताना, मी कपाटातली सीडी काढली. नवा खेळ घेतला होताच, गुपचूप. टूलमध्ये आमची प्रत घातली. ते बराच वेळ चाललं, मग 'पूर्ण' असं पुण्याच्या माणसाच्या मराठीत म्हणालं. मी नवा खेळ उघडला आणि नकाशावर कोकण शोधलं.

कोकणापासून कावेरीपर्यंतचं सगळं राज्य नार्व्याचं झालं होतं. बंदरं नार्व्याची, घाट नार्व्याचे, राजधानी नार्वे. माझ्या राज्याचा उरलेला तुकडा खाली कोपऱ्यात होता. त्यावर बोट ठेवलं तर लिहून आलं, नार्व्याचं मांडलिक.

मग राग आला, आणि राग आल्यावर मला सगळं लख्ख दिसायला लागलं. हे त्याने मुद्दाम केलं होतं. स्टुलावर बसवल्याचा सूड. इतकी वर्षं मनात ठेवून, शांतपणे, जगाला फुकट वाटायच्या टूलमध्ये घालून. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण त्या सकाळी मला त्यात तिळमात्र शंका नव्हती.

फोन करून विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे मी टूल वापरलं हे कबूल करायचं. तेव्हा मी त्या टूलच्या पानावर खोट्या नावाने खातं उघडलं. नाव घेतलं खेळातल्या एका स्वीडिश सरदाराचं, राहणार स्वीडन. आणि तक्रार लिहिली. इंग्रजीत लिहिली, पण माझं इंग्रजी कचेरीत घडलेलं. हात सवयीने चालला. आधी विषय: मांडलिक राज्य विनापरवाना वरचढ झाल्याबाबत. मग संदर्भ: आपले टूल. मग परिच्छेदांना क्रमांक. एक, की सदर राज्य हे पहिल्यापासून अर्जदाराचे आहे. दोन, की मांडलिक राज्य हे दर पन्नास वर्षांत केवळ दहा वर्षे दुसऱ्या इसमाकडून चालवले जात होते. तीन, की या दुसऱ्या इसमास मालकी हक्क कोणताही नाही. तरी सत्वर कार्यवाही व्हावी, अन्यथा बाब वरिष्ठांकडे नेण्यात येईल. आपला विश्वासू.

खाली 'प्रत माहितीसाठी' असंही घातलं होतं, जर्मनाला. धाडलं आणि मनाला फार थंड वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथली पोरं त्यावर लोटपोट झालेली. कोणी विचारत होतं, स्वीडनमध्ये सगळे असंच लिहितात का. कोणी विचारत होतं, हे वरिष्ठ म्हणजे कोण. भावाचं उत्तर मात्र त्या सगळ्यांच्या खाली, गंभीर: तक्रार मिळाली. तक्रार बरोबर आहे. तपासून कळवतो.

दोन आठवड्यांनी त्याने कळवलं, तेही क्रमांक घालून. टूल असं धरून चालत होतं की शेवटची प्रत ज्या गादीवरून साठवली, तीच गादी थोरली. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण एकाच प्रतीत दोघांनी आळीपाळीने राज्य करण्याची पद्धत जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. चूक टूलची नव्हे, लिहिणाऱ्याची आहे, असं त्याने लिहिलं होतं. यापुढे टूल शेवटी कोण बसला ते पाहणार नाही, जास्त वर्षं कोण बसला ते पाहील. खाली आभार. यादीत, पुण्याच्या माणसाच्या खाली, त्या स्वीडिश सरदाराचं नाव आलं.

म्हणजे सूड वगैरे काही नव्हता. शेवटची ती आठ वर्षं त्याच्या वाट्याला आली आणि खेळ संपला, एवढंच. आणि त्याने स्वतः लिहिलेल्या टूलने त्याच्या नकळत त्याला गादी दिली होती, ती माझ्या एका कागदावरून त्याने परत केली. लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. माझं एवढं बारीक निरीक्षण, एवढी नेमकी तक्रार, आणि नाव लागलं कोणा स्वीडनच्या माणसाचं. मी माझ्याच खोट्या नावावर जळायला लागलो.

पुढच्या वर्षी भावाचे पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद झाले, आणि त्यावर त्याचं इंग्लंडचं ठरलं. आमच्याकडे तेव्हा घरटी एक जण निघाला होता. जायच्या आधी मावशीने सत्यनारायण घातला. प्रसाद झाल्यावर तो मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. मेज तेच, कम्प्युटरच्या जागी लॅपटॉप. कदेल आणि स्टूलही तिथेच. मी काही बोलायच्या आत तो स्टूल ओढून बसला आणि कदेल माझ्यासाठी सोडलं.

"दादा," तो म्हणाला, "एक स्वीडनचो मनीस आसा. ताणें माका एक बरी चूक दाखयली."

"बरें," मी म्हटलं.

"इंग्रजी आपल्या कचेरीवरी बरयता. विषय, संदर्भ. आनी ताच्या खेळांतय दोगजाण खेळटाले. चाळीस वर्सां एकलो, धा दुसरो." तो पडद्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "फाल्यां हांव टूल त्या जर्मनाक दितां. मागीर यादी तो पळयतलो. आयज मेरेन म्हज्या हातांत आसा. ताणें खरें नांव सांगलें जाल्यार हांव आयजूच घालतां. म्हज्या सकयल."

त्याने ती यादी उघडून ठेवली होती. सगळ्यांत वर त्याचं नाव होतं. बोट त्या जागेवरच होतं जिथे दाबलं की लिहिता येतं.

मला एवढंच करायचं होतं. नाव सांगायचं. माझं नाव त्याच्या नावाखाली लागलं असतं, जर्मनीत आणि ब्राझीलमध्ये कोणीही उघडलं असतं तरी दिसलं असतं. त्याच्या बदल्यात त्या खोट्या नावाचा, त्या 'दुसऱ्या इसमास मालकी हक्क कोणताही नाही' या वाक्याचा मालक मी आहे, हे मला त्याच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. आतून मावशी हाक मारत होती, कोणीतरी निघालं होतं, पाया पडायला ये म्हणून.

"स्वीडनच्या मनशाक हांव कसो वळखतलो?" मी म्हटलं.

"तेंय खरें," तो म्हणाला. त्याने लॅपटॉप मिटला आणि मावशीकडे गेला. जाताना स्टूल मेजाखाली सारून गेला.

त्यानंतर आमचं वाईट काही झालं नाही. चवथीला त्याचा फोन येतो. तो तिकडे एका गोदामात लागला, मग लग्न झालं, मुलगी झाली. खेळाबद्दल आम्ही बोलत नाही. ते टूल आता कोणी फारसं वापरत नाही, नवे खेळ आले. पण पान अजून आहे. मी ते कधी कधी उघडतो. वर त्याचं नाव, मग जर्मन, मग ब्राझीलचा, मग पुणं, मग स्वीडन.

दुरुस्त झालेल्या टूलमधून मी आमची प्रत पुन्हा काढली होती. यात राज्य माझंच आहे, कावेरीपर्यंत, आणि नार्वे पायथ्याला, मांडलिक. रविवारी सकाळी थोडा वेळ मिळाला की मी बसतो. चाळीस वर्षं झाली की हात आपोआप थांबतो. मी खेळ साठवतो, नार्वे निवडून उघडतो, आणि माऊस बाजूला सरकवतो. ती दहा वर्षं कोणाची आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांना हात लावत नाही. वर्षं आपली आपण पुढे जातात, कारभार खेळच पाहतो. मी चहा घेऊन बघत बसतो.

गेल्या खेपेला दहा वर्षं सरल्यावर मी नार्व्याची कोठारं उघडून पाहिली. ती भरलेली होती. रस्ते धड होते, शेजाऱ्यांशी सोयरिकी जुळलेल्या होत्या. माझ्या चाळीस वर्षांत जेवढं झालं नव्हतं तेवढं तिथे कोणी न बसता झालं होतं. मी कप खाली ठेवला. रिकाम्या जागेवरही मी जळत होतो.